मागचे बाक

रविवारी दुकान बंद असतं, पण त्या रविवारी शटर सकाळपासून अर्धं वर होतं आणि त्याखालून वाकून वाकून माणसं आत येत होती. कापड बेतायचं लांब टेबल आत्याने स्वतः रिकामं केलं होतं. फोमचे तुकडे, खडू, दाभणं, रेक्झिनचे गुंडाळे सगळं भिंतीशी रचून टेबलावर तिने कुठल्याशा सोफ्याच्या कव्हराचं उरलेलं निळं कापड अंथरलं होतं. वरच्या दोन खोल्यांत एवढी माणसं मावली नसती, आणि आज सगळ्यांनी एकाच टेबलाशी जेवायचं हा तिचा हट्ट होता. आत्याचा हट्ट म्हटल्यावर या घरात पुढे कोणी बोलत नाही. बोललं तरी ऐकतं कोण?

आज धाकटी निवडणुकीला उभी होती. धाकटी म्हणजे नानाची मुलगी, डोंगराकडच्या फेरीवरची बस चालवणारी. आणि नाना म्हणजे आत्याचा मोठा भाऊ, या गादी-सोफ्याच्या दुकानाचा मालक. निदान पाटीवर तरी तोच मालक होता. आत्याने लग्न केलं नाही, ती भावाच्याच घरी राहिली. भावाबरोबर ती या देशात आली तेव्हा धाकटी नानाच्या खांद्यावर झोपलेली होती आणि आत्याच्या हातात शिलाई मशीन होतं. ते मशीन अजून चालतं. आत्याही चालते, फक्त उजवा गुडघा अधूनमधून दगा देतो.

गेल्या वर्षी इथल्या नगरपालिकेने एक ठराव केला. जो माणूस पाच वर्षं या शहरात राहतो, त्याला आपल्या वॉर्डाचा प्रतिनिधी निवडायचा हक्क आहे आणि स्वतः उभं राहण्याचाही, मग त्याचा पासपोर्ट कुठल्या का देशाचा असेना. राजधानीतल्या लोकांना हे मुळीच रुचलं नाही. नागरिक कोण ते देश ठरवतो, शहरं नाही, असं एक मंत्री रेडिओवर तावातावाने बोलला. आत्याने रेडिओ बंद केला नाही. उलट आवाज वाढवला आणि कुशनला टाके घालता घालता त्याच्याशी यथेच्छ भांडली. शेवटी मंत्री थांबला, आत्या नाही.

तिचंही चूक नव्हतं. नागरिकत्वाचा तिचा अर्ज देशाने दोनदा परत पाठवला होता. पहिल्या वेळी जन्माचा दाखला नव्हता. ज्या कचेरीत तो असायचा ती कचेरीच आता उरली नव्हती. दुसऱ्या वेळी टाय लावलेल्या एका तरुण अधिकाऱ्याने विचारलं, या देशासाठी तुम्ही काय केलंत? आत्याने जरा विचार केला आणि खरं ते सांगितलं, “खुर्च्या.” अधिकाऱ्याला वाटलं बाई थट्टा करतेय. त्यानंतर ती पुन्हा गेली नाही, फक्त राहण्याचा परवाना वाढवून घ्यायला जायची. तिथे वाट बघायच्या खोलीत दरवेळी एकच वाक्य ऐकू यायचं: बसा, बोलावू. एकदा ती इतका वेळ बसली की शेजारच्या खुर्चीची उसवलेली शिवण तिला बघवेना. पर्समधून सुई काढून तिने ती शिवून टाकली, तेव्हा पहारेकरी धावत आला आणि सरकारी मालमत्तेला हात लावू नका म्हणाला. तोवर शेवटची गाठ मारून झाली होती.

अशी ही आत्या साठी ओलांडून गेली तरी तिने आयुष्यात कधी मत दिलं नव्हतं. तिकडे वयात आली तेव्हा निवडणुका बंद झाल्या, आणि इकडे ती कोणाच्या यादीतच नव्हती. दोन महिने ती गल्लीत दारोदार फिरली ती भाचीसाठी, असं सगळे म्हणत. तीही तसंच म्हणायची. पण आज सकाळी धाकटीच्या कोटाला इस्त्री करून झाल्यावर तिने हळूच आपली चांगली साडी काढली, तिलाही इस्त्री केली, आणि ही तयारी फक्त भाचीसाठी नाही हे तिचं तिला पक्कं ठाऊक होतं.

जेवायला लाँड्रीवाली आली होती, तिचा नवरा आणि दीर कडक इस्त्रीच्या शर्टांत अवघडून बसले होते. दुकानातला कारागीर उंच्या आला होता; शटरखालून येताना त्याला सगळ्यांपेक्षा जास्त वाकावं लागलं आणि त्यावरून सालाबादप्रमाणे हसू झालं. धाकटी जेवत नव्हती, ताटातलं नुसतं इकडून तिकडे करत होती. चार वाजता शाळेच्या हॉलमध्ये सभा होती. बस पुलाशी थांबते ती वर दवाखान्यापर्यंत गेली पाहिजे, एवढंच तिचं म्हणणं होतं, आणि ते दोन वाक्यांत कसं सांगावं ते ती तोंडातल्या तोंडात घोकत होती. रोज भर गर्दीत बस वळवणारी पोरगी, पण आज चमचा हातातून दोनदा पडला.

थोरला सर्वांत शेवटी आला, बायकोला घेऊन. नानाचा हा मुलगा सरकारी दवाखान्यात रक्त तपासतो. पोर मोठं शांत, आणि शांत माणसं बोलायची म्हणाली की बाकीचे जेवायचं थांबतात. तो बसला नाही. खुर्चीची पाठ धरून उभा राहिला. नोकरीत कायम व्हायचं तर नागरिकत्व लागतं, त्याचा अर्ज गेली तीन वर्षं राजधानीत पडून आहे आणि उत्तर आता कधीही येईल, हे त्या टेबलाशी सगळ्यांना माहीत होतं. तरी त्याने ते पुन्हा सांगितलं. मग म्हणाला की काल तो नागरिकत्वाच्या कचेरीत जाऊन आला. खिडकीतल्या बाईने सांगितलं, नागरिक नसताना मत दिलंत, घरच्यांनी दिलं, तर तुमच्या फाइलवर प्रश्न उठू शकतो. उठेलच असं नाही. पण उठू शकतो.

“नगरपालिकेचा वकील म्हणतो की काही होत नाही,” आत्या म्हणाली.

“नगरपालिकेच्या वकिलाच्या हातात माझी फाइल नाहीये आत्या.” त्याचा आवाज चढला नाही, त्यामुळे जास्त लागला. “मी आजवर तुमच्याकडे काही मागितलेलं नाही. आजचा एक दिवस कोणी मत देऊ नका. पुढच्या वेळी खुशाल द्या.”

 नानाने मान डोलावली. त्याची मान अशा वेळी आपोआपच डोलते. आल्यापासून त्याचं एकच धोरण, आपण कशाला पुढेपुढे करायचं. लाँड्रीवालीने नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने दिराकडे, आणि दोन महिने दारोदार फिरून जमवलेली मतं आपल्या डोळ्यांदेखत विरघळताना आत्याला दिसली. तिला भयंकर राग आला. वाईट एवढंच की राग कोणावर काढावा ते कळेना, कारण पोरगं खोटं बोलत नव्हतं.

सूनबाईने मधला मार्ग काढला. ती याच देशात जन्मलेली, तिच्या पासपोर्टाला कोणाची भीती नाही. ती म्हणाली, मी देते ना मत. माझ्या माहेरच्या, ओळखीच्या सगळ्यांना आणते. तुम्ही सगळे शांतपणे घरी बसा, तुमच्या वतीने आम्ही उभे राहतो.

पोरीने मनापासून सांगितलं होतं. पण आत्याच्या कानात ते ‘बसा’ गेलं आणि काही केल्या बाहेर निघेना.

“म्हणजे आमच्या वाटचं तू जेवणार,” ती म्हणाली, “आणि आम्ही पोट भरलं म्हणायचं.”

सूनबाई लाल झाली. थोरल्याचा चेहरा आणखी बंद झाला. तेव्हा धाकटीने ताट बाजूला सारलं. “भाऊ, तू म्हणालास तर मी आत्ता जाऊन नाव मागे घेते. खरंच घेते. पण ते तू म्हण. दुसऱ्यांना घरी बसवून मला हरवू नकोस.”

थोरल्याने खुर्चीची पाठ सोडली. बहीण बस शिकत होती तेव्हा तिला पहाटे पहाटे रिकाम्या डेपोत हाच घेऊन जायचा. आपण तसं म्हणत नाही, असं काहीतरी तो पुटपुटला. मग म्हणाला, “मी येईन बघायला. मागे बसेन. तुम्हाला काय करायचंय ते करा.” आणि ताटाला हात न लावता शटरखालून निघून गेला. सूनबाई क्षणभर थांबली, मग त्याच्यामागे गेली.

आता पारडं कुठे झुकतंय ते सांगता येईना. नाना हळूच म्हणाला की पोराचं म्हणणं अगदीच वावगं नाही. यावर वहिनीने, म्हणजे नानाच्या बायकोने, हातातलं भांडं खाली ठेवलं. वहिनी फार बोलत नाही; नणंद घरात असताना तिला बोलायची पाळी येतच नाही, असं ती स्वतःच हसून सांगते. ती नवऱ्याला म्हणाली, “तुम्हाला तो ताप आला होता तेव्हा बस पुलापर्यंतच गेली. तुम्हाला खांद्यावर घेऊन तो चढ मी चढले. मी जाणार सभेला, आणि पोरीच्या बाजूने उभी राहणार. तुमचं तुम्ही ठरवा.”

नानाने बराच वेळ निळ्या कापडावरची एक सुरकुती बोटाने सारखी केली. मग उठून तो चांगले बूट शोधायला लागला. लाँड्रीवालीच्या दिराने मोठ्याने श्वास सोडला, उंच्याने आणखी वाढून घेतलं, आणि एकदम सगळे एकाच वेळी बोलायला लागले. आत्याला वहिनीला मिठी मारावीशी वाटली. पण या दोघींमध्ये तसली पद्धत नव्हती, म्हणून तिने वहिनीच्या ताटात सगळ्यांपेक्षा जास्त वाढलं.

निघण्यापूर्वी आत्याने पुन्हा एकदा सगळ्यांना तालीम दिली. पहिली घंटा झाली की ज्यांना मत नाही ते मागच्या बाकांवर बसतील. तिकडे जायचं नाही. दुसरी घंटा झाली की खिडक्यांच्या बाजूला जायचं, ती आपल्या धाकटीची बाजू. दाराची बाजू समोरच्या उमेदवाराची, औषधवाल्याची. तिसऱ्या घंटेला मोजणी. लाँड्रीवालीचा दीर घाबरट होता, त्याने तिसऱ्यांदा तेच विचारलं, खिडकी का दार? तेव्हा आत्या वैतागून म्हणाली, “काही सुचेनासं झालं तर माझ्याकडे बघा. मी जाईन तिथे या.” हे वाक्य तिने पुढे बरीच वर्षं आठवून आठवून स्वतःला ऐकवलं.

हॉल गच्च भरला होता. या वॉर्डात प्रतिनिधी असाच निवडतात, समोरासमोर, उभं राहून. शाळेच्या मुख्याध्यापिका सभा चालवतात आणि शाळेचीच पितळी घंटा वाजवतात. औषधवाला व्यासपीठावर आधीच येऊन बसला होता. चांगला माणूस. दोन वेळा निवडून आलेला, सगळ्यांची दुखणी तोंडपाठ असलेला. आत्याच्या गुडघ्याचं मलम त्याच्याकडूनच यायचं. त्याने तिला लांबूनच नमस्कार केला आणि गुडघा कसा आहे म्हणून खुणेने विचारलं. आत्याने, आज काही विचारू नका, असं खुणेनेच सांगितलं.

धाकटी बोलायला उठली तेव्हा आत्याने पदर मुठीत आवळून धरला. घोकलेली दोन वाक्यं पोरगी साफ विसरली. मग तिने समोर बसलेल्यांकडे पाहिलं आणि सांगायला लागली की पुलाशी उतरून वर चढताना कोण कोण कुठे थांबतं: दूधवाल्याची आई दुसऱ्या दिव्याखाली, निवृत्त पोस्टमन तिसऱ्या पायरीवर, आणि आरशात हे सगळं बघत मी रिकामी बस वळवून परत नेते. ज्यांचा उल्लेख झाला ते आपापल्या जागी हलले. पोस्टमनने टाळी वाजवली आणि मग सगळा हॉल वाजवायला लागला. आत्याला वाटलं, जिंकलो. तिचे कान तापले, डोळे भरले, आणि गुडघा दुखायचा थांबला.

मुख्याध्यापिकांनी पहिली घंटा वाजवली. उमेदवारांनी आता बोलायचं नाही, त्यांनी बजावलं. मग खाली पाहून, रोज वर्गात बोलतात त्याच आवाजात म्हणाल्या, “ज्यांना मत नाही, त्यांनी मागच्या बाकांवर बसून घ्यावं.”

आणि आत्या उठली.

का उठली ते तिलाही सांगता आलं नसतं. दोन महिने गल्लीत हिंडून, ज्याला त्याला धरून धरून, तुला मत आहे, तुला मत आहे, असं सांगणारी बाई ती. पण ते सांगणं तोंडाला माहीत होतं. पायांना ठाऊक होत्या त्या कचेऱ्या, तिथल्या नागरिकांच्या आणि परक्यांच्या दोन रांगा, काचेमागचे ते आवाज. टेबलामागून कोणी सौम्य अधिकाराने बसून घ्या म्हटलं की तिचे पाय ज्या बाजूला जात आले होते त्याच बाजूला ते निघाले. तिच्यामागे नाना उठला, त्याला तर हे मनातून पटलंच होतं. वहिनीने चकित होऊन पाहिलं, पण नणंद जातेय म्हणजे काही कारण असेल, म्हणून तीही निघाली. लाँड्रीवाली, नवरा, दीर. उंच्या. गल्लीतली आणखी चार घरं, ज्यांना आत्याने हाताला धरून आणलं होतं. सगळी वरात मुकाट्याने हॉलच्या मागे गेली आणि बाकांवर बसली.

हे बाक नानाच्या दुकानातूनच गादी घालून आले होते. गेल्या उन्हाळ्यात यांच्या फोमवरून भावाबहिणीचं कडाक्याचं भांडण झालं होतं. इतका मऊ घालू नकोस, म्हातारी माणसं बसली की उठायची नाहीत, असं आत्या म्हणत होती. पाहुण्यांना आराम पाहिजे, असं नाना म्हणत होता. आत्या त्यात खोल बसली. शिवणीवरून तिने सवयीने बोट फिरवलं. टाके सरळ होते, तिचेच होते.

दुसरी घंटा झाली. माणसं उठून दोन्हीकडे जायला लागली, खुर्च्या सरकल्या, गलका झाला. दाराच्या बाजूला गर्दी वाढत गेली. खिडक्यांशी पोस्टमन होता, दूधवाला आईला घेऊन उभा होता, सूनबाई आपल्या माहेरच्या माणसांना हाताने बोलावत होती. आणि खिडक्यांजवळ बरीचशी फरशी नुसतीच मोकळी होती. व्यासपीठावरून धाकटीची नजर त्या मोकळ्या फरशीवरून उठली, शोधत शोधत मागे आली आणि बाकांवर बसलेल्या आपल्या सगळ्या गोतावळ्यावर थांबली. तिला बोलायची परवानगी नव्हती. तिने फक्त पाहिलं. औषधवाल्यानेही तिकडे पाहिलं, मग तो आपल्या बुटांकडे बघत राहिला.

एवढ्यात थोरला आला. तो दाराबाहेर भिंतीला टेकून उभा होता, कोणत्याच बाजूला नाही, आणि आता दुपारी म्हणाला होता त्याप्रमाणे मागे बसायला आला. बाकापाशी पोचला तर तिथे आत्या. आत्याने त्याला पाहिलं आणि, काय म्हणावं, थोडी सरकून त्याला जागा करून दिली.

तो बसला नाही.

“इथे मी बसायचं होतं,” तो म्हणाला. “तू इथे काय करतेस?”

“त्यांनी सांगितलं ना बसायला.”

“तुला नाही सांगितलं आत्या.”

तेव्हा कुठे तिच्या डोक्यात लखकन उजेड पडला. आपण कुठे बसलोय, आपल्या दोन्ही बाजूंना कोण बसलंय, आणि ही सगळी कोणाच्या मागून इथे आलीयेत.  शरमेने तिला वाटलं की या फोममध्ये आणखी खोल जावं आणि कोणाला दिसूच नये. देशाने तिला मागे बसवलं, ते समजण्यासारखं होतं. आज तर तिला कोणी बसवलंही नव्हतं.

तिने उठायचा प्रयत्न केला. गुडघा आखडला आणि नानाचा तो मऊ मऊ फोम तिला सोडेना. समोर मुख्याध्यापिका घंटेकडे हात नेत होत्या. “ऊठ,” थोरला म्हणाला. त्याचा चेहरा तिने असा याआधी एकदाच पाहिला होता. लहानपणी शाळेत कोणीतरी आत्याच्या बोलण्याची नक्कल केली म्हणून मारामारी करून आला होता, तेव्हा असा दिसला होता. त्याने दोन्ही हात पुढे केले. तिने ते धरले आणि तो तिला ओढायला लागला. उंच्याने पाठीमागून खांद्याला आधार दिला आणि आत्या एकदाची सुटली, इतकी जोरात की थोरला दोन पावलं मागे गेला.

“थांबा,” आत्या ओरडली. आयुष्यात पहिल्यांदा ती टेबलामागच्या माणसावर ओरडली. “बाई, घंटा थांबवा. आम्हाला मत आहे. आम्ही चुकून बसलो.”

सगळा हॉल वळला. मुख्याध्यापिकांचा हात घंटेवर होता. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. तिसरी घंटा होईपर्यंत कोणीही जागा बदलू शकतं, नियम आहे, असं त्या म्हणाल्या. आणि घंटा अजून झालेली नाही. मग त्यांनी घंटेवरून हात काढून दोन्ही हात मागे बांधले, आणि एरवी वर्गात वेळ फुकट गेलेला न चालणाऱ्या या बाई शांतपणे खिडकीबाहेर बघत उभ्या राहिल्या.

मग काय विचारता. लाँड्रीवालीच्या दिराला आता कोणी खिडकी का दार सांगायची गरज उरली नाही. तो सगळ्यांत आधी धावला. वहिनीने नानाला दंडाला धरून उठवलं. नाना म्हणाला, उठतो गं, फोम मऊ आहे. चार घरांतली माणसं खुर्च्यांना अडखळत निघाली. पोस्टमन हात हलवून त्यांना रस्ता दाखवायला लागला, जसा काही फार लांबचा रस्ता होता.

हॉलच्या मधोमध आत्या थांबली. थोरल्याचा हात अजून तिच्या हातात होता. तसाच धरून नेला असता तर तो आला असता. गर्दीत, म्हाताऱ्या आत्याला आधार देता देता, आपसूक. पुढे कोणी विचारलं असतं तर सांगायलाही बरं होतं. आत्याने हे सगळं त्या एका क्षणात पाहिलं आणि तिला मोह झाला, खोटं कशाला बोला. एकेक माणूस मोलाचं होतं.

तिने हात सोडला. “माझी मी जाते,” ती म्हणाली. “तू दुपारी म्हणालास ते चूक नव्हतं. तुझं तू बघ.”

आणि ती लंगडत खिडक्यांकडे गेली. मागे वळून पाहायचं नाही असं तिने ठरवलं आणि तिथे पोचताच वळून पाहिलं.

थोरला हॉलच्या मध्ये एकटा उभा होता. एका बाजूला दार, औषधवाल्याची माणसं, त्यांतले निम्मे त्याच्याकडे रक्त तपासायला येणारे. मागे रिकामे बाक. मुख्याध्यापिका खिडकीतून वळल्या, आता आणखी थांबणं त्यांना शक्य नव्हतं, आणि त्यांनी घंटा उचलली. थोरल्याने बहिणीकडे पाहिलं. धाकटीने हळूच मान हलवली: नको, राहू दे. तसा तो हसला. डेपोत तिने पहिल्यांदा बस नीट उलटी नेली तेव्हा हसला होता तसा. आणि तो चालत आला. धावला नाही, घाईही केली नाही. बायकोच्या शेजारी येऊन उभा राहिला, आणि मग घंटा झाली.

सूनबाईने त्याला विचारलं की कचेरीत विचारलं तर काय सांगशील. आत्याने कान टवकारले.

“जे खरं आहे ते सांगेन,” थोरला म्हणाला. “मी इथे राहतो.”

मोजायला दोन शिक्षक लागले आणि त्यांचं एकमेकांशी जमेना म्हणून पुन्हा मोजलं. आत्या ताठ उभी होती. शिक्षकाचं बोट तिच्यापाशी आलं, हवेत एक टिंब देऊन पुढे गेलं. एवढंच. एवढ्यासाठी इतकी वर्षं. तिला हसूही आलं आणि रडूही, आणि दोन्हींपैकी काही करायच्या आत तो पुढच्या रांगेत पोचला होता.

धाकटी अकरा मतांनी आली. मुख्याध्यापिकांनी आकडा सांगितला. मग उंच्याने असा काही आरडाओरडा केला की छताचे पंखे थरारले. वहिनी रडायला लागली, नाना ज्याला त्याला विचारत सुटला की खरंच का. धाकटी व्यासपीठावरून उडी मारून उतरली आणि थेट भावाकडे गेली. दोघं काय बोलली ते आत्याला ऐकू आलं नाही. बोलली नसतीलही. तिने भावाच्या खांद्यावर कपाळ टेकलं होतं, आणि त्याचे हात, ज्यांना दिवसभर कोणाची तरी शीर शोधायची सवय, ते तिच्या पाठीवर उगीच चाचपडत होते. सूनबाई आत्याजवळ येऊन उभी राहिली. दुपारचं काही मनात ठेवू नको, असं आत्याला म्हणायचं होतं. तिने सूनबाईच्या कोटाचं लोंबणारं बटण धरलं आणि हे उद्या लावून देते म्हणाली. सूनबाईला कळलं.

गर्दीतून औषधवाला आला. हरलेला माणूस, चेहरा जरा उतरलेला, पण हातात एक खुर्ची. आत्या केव्हाची एका पायावर भार देऊन उभी आहे हे या सगळ्या आनंदात फक्त त्याच्या ध्यानात आलं होतं. त्याने खुर्ची तिच्यासमोर नीट ठेवली, आसनावर रुमालाचा फटका मारला.

“बसा आत्या,” तो म्हणाला. “तुमचा गुडघा.”

गुडघा ठणकत होता. आत्याने खुर्चीकडे पाहिलं, सवयीने शिवण पाहिली, चांगली होती. मग तिने खुर्ची वळवून त्याच्यापुढे केली.

“तुम्ही बसा,” ती म्हणाली. “माझं बसून झालं.”